उंबरफळिया फाट्याचा कोपरा

सिल्वासा,
२० नोव्हेंबर २०२३

दादा,

काल सगळ्यांसमोर तू मला ‘मॅडम’ म्हणालास.

शाळेच्या पटांगणातला तो मांडव, माझ्या एका बाजूला आमच्या रस्ते विभागाचे गजानन सर, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले सल्लागार कौस्तुभ. समोर अख्खा उंबरफळिया, मसाटच्या कारखान्यांतली माणसं, आणि पहिल्या रांगेत तू. शर्ट तू सकाळी स्वतः इस्त्री केलास, असं आई म्हणाली. फाट्याच्या सुधारणेबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला ती सभा होती. तू उभा राहिलास आणि विचारलंस, “मॅडम, आपलं नाव काय?”

मी काय सांगायला हवं होतं? ‘शर्वरी सावे’ म्हटलं. मागं कुणीतरी हसलं.

“सावे? म्हणजे आमच्यातल्याच की तुम्ही,” तू म्हणालास. “मग सावे मॅडम, ती लाल रेघ माझ्या गल्ल्याच्या कुठल्या अंगाने जाते तेवढं सांगा.”

मी सांगितलं. नकाशावर काठी ठेवून सांगितलं. खाणावळीची पुढची ओसरी, बाकं, गल्ला, सगळं रेघेच्या आत, म्हणजे रस्त्यात, येतं. स्वयंपाकघर तेवढं राहतं. माझा आवाज जरासुद्धा कापरा झाला नाही आणि घरी आल्यावर मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग तू बोललास. इतकं चांगलं बोलताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. “फाट्यावर गरम भाकरी मिळते म्हणून माणसं थांबतात, हा माझा गुन्हा? टँकरवाला बेफाम येतो, त्याला कोण विचारत नाही. मी जागेवर बसलेला माणूस, मला उठवणं सोपं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

तेव्हा मंगीचा बाप उठला, वाळू. मागच्या रांगेतून, टोपी हातात घेऊन. “शेठ, माझी पोरगी रस्त्यावरून तूच उचललीस,” एवढंच म्हणाला आणि बसला.

तूही बसलास. नंतर सभेत कोण काय बोललं ते मला आठवत नाही. इतिवृत्त लिहायला घेतलं तेव्हा सरांना विचारावं लागलं.

काल रात्रीपासून फोन लावतेय. तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात, पुढे काही नाही. म्हणून हा कागद. फाडायचा झाला तरी आधी उघडावा लागेल.

तुला राग रेघेचा नाही, हे मला कळतं. राग त्या रविवारचा आहे. श्रावण संपल्यावर मी जेवायला आले होते आणि म्हटलं होतं की आमच्या ऑफिसने आपला फाटा सुधारणेसाठी घेतलाय, काम माझ्याकडेच आलंय. तू माझ्या ताटात सुरमईची तुकडी वाढत म्हणालास, “तू आहेस ना तिथं, मग मला काय काळजी?” कोपऱ्यावर काहीतरी येणार हे मला तेव्हाच दिसत होतं. मी ‘बघते’ म्हटलं. ‘नाही’ म्हणायला मला जमलं नाही. तू त्या शब्दावर विसंबून राहिलास, वकील गाठला नाहीस, कुणाला भेटला नाहीस. नंतर महिनाभर मी प्रत्येक रविवारी काही ना काही कारण काढून आले नाही.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल. पाठवते.

शर्वरी


सिल्वासा,
१४ डिसेंबर २०२३

दादा,

पत्र पोचल्याचं वहिनीने कळवलं. तू वाचलंस का ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आज जे लिहिणार आहे ते तुला आवडणार नाही. पण या वेळी तुला ते नकाशावर नको, माझ्याकडून कळायला हवं.

स्वयंपाकघरही जाणार.

सभेनंतर मी ते वाचवायलाच बसले होते. कागदावर सिग्नल लावून पाहिला: उघड्या रस्त्यावर, आजूबाजूला काही नसताना, लाल दिव्याला टँकर थांबत नाहीत आणि एक थांबला तर मागचा त्याच्यावर येतो. गोल सर्कल काढून पाहिलं: त्याला तर आपल्या कोपऱ्यासोबत समोरच्या दोन घरांचं अंगणही लागतं. नुसते गतिरोधक टाकावेत, तर ते आहेतच. मंगी गाडीखाली गेली तेव्हाही होते. मोठा आरसा लावू म्हटलं, तर कौस्तुभ म्हणाले, “मॅडम, मसाटच्या धुळीत आरसा चार दिवस तरी स्वच्छ राहील का?” प्रत्येक कागदावर मी खाणावळ जागेवर ठेवून सुरुवात करायची आणि प्रत्येक वेळी तिथंच अडायचे.

शेवटी मी स्कूटी घेऊन स्वतः उंबरफळियातून खाली आले. आपण लहानपणापासून त्या उतारावरून येतो, पण आपण घरी येत होतो, आपल्याला रस्ता ओलांडायचा नसायचा. परवा ओलांडायला थांबले. उजवीकडे आपली भिंत, तिच्यापुढे जेवायला थांबलेले दोन कंटेनर. पुढचं चाक रस्त्यात घातल्याशिवाय काहीच दिसेना. चाक घातलं तेव्हा एक टेम्पो इतका जवळून गेला की ओढणी फडफडली. मी स्कूटी मागे ओढली आणि तुझ्याच ओसरीवर बसले. तुझ्या हाताखालचा लखन आतून चहा घेऊन आला. “दीदी, भैया बाजार गये हैं,” म्हणाला. मी चहा प्यायले आणि निघाले.

मंगी तशीच सायकलचं चाक पुढे घालून थांबली होती. कारखान्यातून सुटून घरी चालली होती, उन्हातान्हाची, पदराने तोंड बांधून. तू धावलास. तुझ्या टेम्पोत भाजीच्या पोत्यांवर तिला ठेवून तू हॉस्पिटल गाठलंस. परत आलास, शर्ट बदललास आणि त्या दिवशी खाणावळ पुन्हा उघडली नाहीस. हे सगळं तुला माहीत आहे. मला ते फक्त ऐकून माहीत आहे. तरी मीच तुला सांगतेय.

कौस्तुभचं म्हणणं असं की मागे चूल राहिली तर पुढे गाड्या थांबणारच, बाकं असोत वा नसोत. कोपरा मोकळा करायचा तर पुरता करायला हवा. मी त्यांच्याशी भांडले. मग स्कूटीवरून उतरले तेव्हापासून भांडता येईना.

सरांना म्हटलं, हे काम माझ्याकडून काढून घ्या, माझ्या भावाचं घर आहे ते. सर चष्मा पुसू लागले. “घेतो,” म्हणाले, “पण शर्वरी, दुसऱ्या कुणी रेघ मारली तर ती वेगळीकडून जाईल का?” मी म्हटलं, नाही. “मग तुझ्या भावाला निदान तुझ्याशी भांडता तरी येईल. दुसऱ्याशी काय भांडणार तो?”

काम मी ठेवलं. चुकलं की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ये आणि भांड. मी रविवारी दिवसभर घरी आहे.

शर्वरी


सिल्वासा,
१ जानेवारी २०२४

दादा,

तू आला नाहीस. मी सुरमई आणून ठेवली होती. मला तुझ्यासारखी जमली नसती, पण आणली होती.

शर्वरी


सिल्वासा,
९ मार्च २०२४

दादा,

पाडायचं मशीन यायचं होतं त्या दिवशी मी फाट्यावर येऊ नये, असं सरांनी सुचवलं होतं. मी तरी आले. आणि कोपरा आधीच मोकळा होता.

तू आठवडाभर आधीपासून उतरवायला घेतलंस, हे मला वाळूकडून कळलं. पत्रे, वासे, खिडक्या, सगळं एकेक करून. वाळू आणि लखन हाताखाली होते. ‘सावे खाणावळ’ ही पाटी तू काढलीस आणि टेम्पोत उलटी ठेवलीस, अक्षरं खाली करून. मशीनवाल्याला फक्त जोतं उखडायचं उरलं होतं. तो म्हणाला, “इथं तर कुणी भांडलंच नाही.” त्याला बरं वाटलं. त्याची बाकीकडे लोकांशी रोज वादावादी होते.

मी तिथं छत्री उघडून उभी होते. वाळूने मला खुर्ची आणून दिली. मी बसले नाही, म्हणून तो स्वतः बसला.

“शेठ बोलला,” वाळू म्हणाला, “मशीन लावून तोडतील तर आईला आवाज ऐकू जाईल.”

तुम्ही तेव्हा वहिनीच्या मावशीकडे दादऱ्याला होतात. तिथं कसला आवाज जाणार? पण मला कळलं, तू आईबद्दल बोलत नव्हतास.

दादा, त्या ओसरीवर बाबांनी माझा बारावीचा निकाल मोठ्याने वाचला होता. बाबा मास्तर, त्यामुळे टक्के कमी असते तरी त्यांनी तेवढ्याच मोठ्याने वाचला असता. ते गेल्यावर तू आयटीआय अर्धवट टाकून त्याच ओसरीवर चूल मांडलीस आणि मला सुरतला शिकायला पाठवलंस. मी तिथं रस्ते काढायला शिकले. तू हे एकदाही बोलून दाखवलं नाहीस. त्या सभेतसुद्धा नाही. तिथं तू ते बोलला असतास तर टाळ्या तुला जास्त मिळाल्या असत्या.

तुम्ही नाशिकला होस्टेलची मेस चालवायला जाताय, असा वहिनीचा मेसेज आला. आईला माझ्याकडे ठेवताय, कारण तिकडची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. आईच्या पिशवीत तू तिची सगळी औषधं सकाळ-दुपारच्या खुणा करून ठेवली आहेस. तिला सोडायला येताना भेटशील वाटलं होतं. तू रिक्षा करून दिलीस.

शर्वरी


सिल्वासा,
२२ एप्रिल २०२४

दादा,

आज फाट्याचं काम सुरू झालं. दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

शर्वरी


सिल्वासा,
१७ ऑक्टोबर २०२४

दादा,

या पत्राला उशीर झाला, कारण मधले महिने मी एका गोष्टीच्या मागे होते आणि ती झाल्यावरच तुला कळवायचं ठरवलं होतं.

फाट्यापासून पुढे, मसाटच्या बाजूला, रस्ता सोडून आत ट्रक थांबायला जागा केली आहे. तिथं एका खाणावळीपुरती जागा असावी, असं मीच ड्रॉइंगमध्ये घातलं. ज्याची जागा रस्त्यात गेली त्याला ती हवी का हे आधी विचारावं, हेही लिहून घेतलं. कारखान्यातल्या लोकांना तिथं पोचायला रस्ता ओलांडावा लागत नाही. पाणी आहे, वीज आहे. ऑफिसातून तुला पत्र गेलं. मग स्मरणपत्र गेलं. मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, “मी त्यांच्या पुढ्यात ठेवलंय, वन्सं. ते बघतात आणि जेवायला बसतात.”

मुदत गेली आणि जागा इतरांना खुली झाली. मला तुझा फार राग आला, खोटं कशाला सांगू? मी आईजवळ बोलले की त्याला माझ्या हातून काही घ्यायचंच नाही. आई लसूण सोलत होती. म्हणाली, “त्याने घेतलं नाही कोण सांगतो तुला?”

काल त्या जागेवर गेले. ढाबा उभा आहे. गल्ल्यावर लखन. मला बघून उठला, फडक्याने खुर्ची पुसली. मागे चुलीवर आपलं मोठं पातेलं होतं, त्या ठोकलेल्या बुडाचं. बाबांनी डहाणूहून आणलेलं. आपल्या झाऱ्यासकट, परातीसकट.

“भैया नाशिक से खुद लेके आये थे,” लखन म्हणाला. “बोले, लखन, जगह तू ले ले, तेरे नाम से अर्जी कर. दो दिन रहे. मसाला सिखाया. बोले, मछली में गरम मसाला मत डालना, मैं आके देखूंगा.”

म्हणजे तू इथं आला होतास. दोन दिवस राहिलास. ऑफिसपासून ती जागा काही लांब नाही.

लखनने मला जेवायला वाढलं. कालवणात गरम मसाला घातला होता त्याने. मी तुला सांगतेय हे त्याला सांगू नकोस.

तू ती जागा नाकारलीस, असं मी म्हणत होते. तू तर ती दिलीस, लखनला. तो दहा वर्षं तुझ्या हाताखाली राबला, त्यालाही घर आहे, हे माझ्या कुठल्याच कागदात नव्हतं. खाणावळ गेली तेव्हा त्याचंही काम गेलं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी फक्त तुझंच वाईट वाटून घेत बसले होते.

शर्वरी


सिल्वासा,
१ फेब्रुवारी २०२५

दादा,

आईने हट्ट धरला म्हणून तिला आज फाट्यावर नेलं.

कोपरा आता अगदी सपाट आहे. खुरटं गवत लावलंय, त्याच्यावर काही उंच वाढू द्यायचं नाही. उंबरफळियाच्या तोंडाशी रस्ता उंच करून त्यावर पांढरे पट्टे, मध्ये पाय ठेवून थांबायला छोटा कट्टा, म्हणजे एका दमात पूर्ण रस्ता ओलांडायला नको. दोन्ही बाजूंनी दिवे. उतारावरून येणाऱ्याला आता दोन्हीकडचं लांबवर दिसतं. मी आईला हे सगळं दाखवत होते, साहेब पाहणीला आले की दाखवते तसं.

आई काठी टेकून उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मला म्हणाली, “पण आपलं कुठं होतं गं?”

मी बोट दाखवलं. ती तिकडे चालत गेली, गवतावर. मग म्हणाली, “नाही. इथं तर तुळस होती. चूल अजून तिकडे.” मी तिच्या पाठोपाठ गेले. मोजमापं माझ्या हातची आहेत, दादा, त्या कोपऱ्याचा इंच न् इंच मी कागदावर काढलाय. पण चूल नक्की कुठं होती ते मलाही तिथं उभं राहून सांगता आलं नाही.

तेवढ्यात कारखाना सुटला. बायका आल्या, तोंड बांधलेल्या, डबे हातात. कट्ट्यावर थांबल्या, गप्पा मारत, एक जण मोबाईल बघत होती. एक कंटेनर हळू झाला. त्या ओलांडून गेल्या. कुणी वर बघितलंही नाही.

काम झाल्यापासून फाट्यावर कुणाचा जीव गेलेला नाही. ऑफिसात मला शाबासकी मिळाली. पण त्या बायकांपैकी कामामुळे कोण वाचली, की ती नाहीतरी सुखरूपच गेली असती, हे मला कधी कळणार नाही. तिला तर नाहीच. तुझी चूल गेली ते मात्र सगळ्यांना दिसतं. आईला दिसलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, “बायका बऱ्या गेल्या पलीकडे.” आणि पाय चेपून घेतले.

शर्वरी


सिल्वासा,
३० जून २०२५

दादा,

तू दुपारी आईला फोन करतोस हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मी ऑफिसात असते त्या वेळी करतोस, हेही. आज मला ताप होता म्हणून मी घरी होते. आईने ते तुला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही, असं मला वाटतं.

तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन नेहमी मोठ्याने लावते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तुझा आवाज दीड वर्षाने ऐकला. किंचित बसलाय. मेसच्या पोरांना हाका मारून असेल. तू आईच्या गुडघ्याचं विचारलंस, वहिनीने लोणचं घातलंय ते सांगितलंस, होस्टेलच्या पोरांना मासे खायला शिकवतोय म्हणालास. आई हसली. मग तू विचारलंस,

“सुट्टी होते तेव्हा गाड्या थांबतात का गं तिथं?”

आई म्हणाली, “मला काय ठाऊक?” आणि फोन माझ्यापुढे धरला. तसाच, हात लांब करून.

मी म्हटलं, “थांबतात.”

भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी तुला ‘काका’ म्हणून हाक मारली. मला वाटलं, तू ठेवणार.

“बरं,” तू म्हणालास. मग ठेवलास.

आई म्हणाली, “बोलला की.” आणि फोन पुसून उशीखाली ठेवला.

तेव्हापासून मी बसून आहे. ताप उतरलाय, पण दुसरं काही करवत नाही. दादा, मी तुला अर्धंच सांगितलं. तेवढ्या वेळात दुसरं काही सुचलं नाही, आणि तुझ्याकडून ‘बरं’ ऐकायचं होतं.

सगळ्या थांबत नाहीत. मोटारी थांबतात, कंटेनरही बहुतेक थांबतात. मसाटकडून रिकामे परतणारे टँकर थांबत नाहीत. रिकामे असले की ते त्या उंचवट्यावरूनही तसेच उडत येतात. गेल्या महिन्यात एका बाईची सायकल टँकरखाली गेली. ती कट्ट्यावर होती म्हणून वाचली, मनगट मोडलं फक्त. उंचवटा त्या बाजूला आणखी आधीपासून सुरू करायला हवा होता. ते मला तेव्हा दिसलं नाही. आता नवीन ड्रॉइंग करतेय. यात कुणाचं घर नाही, नुसता रस्ता आहे, तरी मंजुरीला वेळ लागेल, आणि तोवर संध्याकाळी सुट्टीच्या वेळी मी किंवा वाळू तिथं उभे राहतो. वाळू शिट्टी वाजवतो. टँकरवाले त्याला घाबरतात, मला नाही.

तुझा कोपरा गेला आणि तरीही काम पुरतं झालेलं नाही. हे तुला फोनवर सांगायला मला तोंड नव्हतं. पण तू विचारलंस, म्हणून लिहितेय.

उद्या दुपारी मी ऑफिसातच असेन. तू आईला फोन कर.

शर्वरी